उणे दीडशेवरून परतीची वाट

लंडनच्या उत्तर टोकाला मिल हिल नावाचे उपनगर आहे. तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलन पार्क्स, ऑड्री स्मिथ आणि ख्रिस्तोफर पोल्ज हा नवशिका तरुण असे तिघे १९४०च्या दशकाच्या अखेरीस कोंबड्याच्या वीर्याच्या मागे लागले होते. वीर्य ड्राय आइसच्या थंडीत, म्हणजे उणे ७९ अंशांवर गोठवायचे, पुन्हा वितळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे की शुक्राणू हलतात का. हलत नसत. लेव्ह्युलोज, म्हणजे फळांतली साखर, घालून पाहिली, तरी काही नाही. कंटाळून काम काही महिने बाजूला पडले. पुन्हा सुरू केले तेव्हा शीतकपाटातली जुनी साखरेची बाटली बाहेर काढली, आणि या खेपेला शुक्राणू चक्क वळवळू लागले. मग ताजे द्रावण बनवले, तर परत सगळे मेलेले. जुन्या बाटलीतले द्रावण तळाला गेले होते. उरलेल्यातले थोडे त्यांनी रसायनज्ञाकडे तपासायला दिले, तेव्हा कळले की त्यात साखर नाहीच. आहे ते ग्लिसरॉल आणि थोडे प्रथिन. काचपट्टीवर ऊतींचे काप चिकटवण्यासाठी प्रयोगशाळांत ग्लिसरीन आणि अंड्यातल्या पांढऱ्याचे मिश्रण वापरतात, ते हे. शीतकपाटात चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार.

१९४९ साली हा शोध ‘नेचर’मध्ये छापून आला. चिठ्ठीचा किस्सा पुढे इतक्यांनी सांगितला की शोध निव्वळ नशिबाने लागला असे वाटावे. पण घोटाळ्याची बाटली मोरीत न ओतता ती तपासायला पाठवणे ही काही नशिबाची गोष्ट नव्हे.

ग्लिसरॉलने मग झपाट्याने रस्ता काढला. तांबड्या रक्तपेशी झाल्या, वळूचे वीर्य झाले, गोठवलेल्या वीर्यापासून वासरेही जन्मली. आपल्याकडे मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला स्थापन केलेल्या ‘बायफ’ने गोठवलेल्या वीर्याचे कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेले. मोटारसायकलला द्रव नायट्रोजनचा कंटेनर बांधून येणारा डॉक्टर, चिमट्याने उचललेली ती बारीक कांडी, ती कोमट पाण्यात काही क्षण बुडवणे, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकाला नवे नाही. त्या कांडीतल्या द्रावणात आजही ग्लिसरॉल असते.

कांडी कोमट पाण्यात बुडवण्याची ती कृती लक्षात ठेवण्याजोगी आहे. अवयव गोठवण्याचा पुढचा सगळा इतिहास तिथेच अडला. खाली जाण्याची वाट लवकर सापडली, वर येण्याची सापडायला साठ-सत्तर वर्षे गेली.

आधी बर्फ नेमके काय बिघडवतो ते पाहू. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढते आणि त्याने पेशी फुटतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मिल हिललाच काम करणाऱ्या जेम्स लव्हलॉक यांनी १९५३ साली वेगळेच कारण पुढे केले. बर्फ होतो तो शुद्ध पाण्याचा, मीठ मागे उरते. जसजसा बर्फ वाढतो तसतसे उरलेल्या थेंबभर पाण्यात मीठ दाट होत जाते, आणि पेशीचे कवच त्या खारात मरते. ग्लिसरॉल त्या पाण्यात मिसळून मिठाची तीव्रता आटोक्यात ठेवते. पुढे अमेरिकेत पीटर मेझर यांनी चित्र पुरे केले. फार सावकाश गोठवले तर पेशी खाराने आणि आक्रसून मरते, फार वेगाने गोठवले तर पाण्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि पेशीच्या पोटातच बर्फ होतो. प्रत्येक जातीच्या पेशीला आपला एक सोयीचा वेग असतो. शुक्राणूचा वेगळा, तांबड्या पेशीचा वेगळा, अंड्याचा वेगळा.

लव्हलॉक हे नाव पुढे ‘गाया’च्या, म्हणजे पृथ्वी एखाद्या सजीवासारखी स्वतःला सांभाळते या, कल्पनेमुळे जगाला माहीत झाले. मिल हिलच्या दिवसांत मात्र त्यांच्यापुढे हॅमस्टर होते. बेलग्रेडहून आलेले राडोस्लाव्ह आंजुस उंदरांना शून्य अंशाच्या जवळ नेऊन परत जिवंत करत, आणि त्यासाठी तापवलेला चमचा उंदराच्या छातीवर, हृदयाच्या जागी, टेकवत. हृदय आधी चालू झाले पाहिजे, कारण बाकीचे अंग आधी गरम झाले तर त्याला रक्त लागते आणि ते पोचवणारे कोणी नसते. ऑड्री स्मिथ यांनी हॅमस्टरांना त्याहून खाली नेले. श्वास थांबलेला, हृदय थांबलेले, अंगातल्या पाण्याचा मोठा हिस्सा बर्फ झालेला, प्राणी हाताला टणक लागे. त्यातले बरेच परत हिंडूफिरू लागत, पण छातीवर भाजल्याचा डाग घेऊन. लव्हलॉक यांना ते पाहवेना. रडारसाठी युद्धकाळात बनलेली मॅग्नेट्रॉन नळी मिळवून त्यांनी सूक्ष्मलहरींनी प्राणी आतून तापवणारे यंत्र जुळवले. आंजुस आणि लव्हलॉक यांचा त्यावरचा निबंध १९५५ सालचा आहे. त्याच यंत्रात आपण जेवणासाठी बटाटाही भाजून घेतल्याचे लव्हलॉक पुढे सांगत असत.

या प्रयोगांकडे आज बघताना अंगावर काटा येतो, आणि यायलाही हवा. पण त्यांतून एक गोष्ट पक्की कळली होती: बाहेरून दिलेली ऊब पुरत नाही, ती आत पोचायला हवी. मोठ्या प्राण्यांत हे जमले नाही. शून्याच्या फार खाली तर हॅमस्टरही परत आला नाही. विषय तिथे थंडावला.

शरीराच्या बाहेर काढलेल्या अवयवाची निकड वैद्यकात याच काळात निर्माण होत होती. डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी एका जुळ्याचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला बर्नार्ड यांनी हृदयरोपण केले. तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही ते केले. रुग्ण काही तासच जगला. साठवणीचा प्रश्न या पहिल्या शस्त्रक्रियांपुढे नव्हता, कारण दाता आणि रुग्ण जवळजवळ असत. प्रश्न आला तो एका शहरातले मूत्रपिंड दुसऱ्या शहरात न्यायची वेळ आल्यावर. १९६९ साली लॉस एंजेलिसचे जेफ्री कॉलिन्स यांनी असे द्रावण दिले की त्याने रक्तवाहिन्या धुऊन बर्फात ठेवलेले मूत्रपिंड तीसेक तास टिके. १९८०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी त्याहून सरस द्रावण काढले आणि यकृताचीही सोय झाली.

इथे वाचकांचा एक गैरसमज दूर करायला हवा. ग्रीन कॉरिडॉर करून पुण्याहून मुंबईला जाणारी पेटी टीव्हीवर दिसते, त्यातला अवयव गोठवलेला नसतो. तो चार अंशांच्या आसपास, पाणी गोठायच्या वर ठेवलेला असतो. थंडीने त्याची भूक मंदावते, थांबत नाही. म्हणून हृदयाला चार ते सहा तास मिळतात, यकृताला बारा तासांच्या आसपास, मूत्रपिंडाला एक-दीड दिवस. पोलीस रस्ता मोकळा करतात तो एवढ्यासाठी. आणि वेळ संपली म्हणून न वापरता टाकून दिलेला अवयव बातमीत येत नाही.

बर्फाची पेटी इतकी सोपी आणि स्वस्त निघाली की गोठवण्याचा हट्ट धरणारे मूठभरच उरले. त्यांच्यापुढची अडचण पेशीवाल्यांपेक्षा मोठी होती. अवयवात शेकडो जातींच्या पेशी असतात, प्रत्येकीचा सोयीचा वेग निराळा, आणि गोठवायचे तर सगळ्यांना एकाच वेगाने. शिवाय केंब्रिजच्या डेव्हिड पेग यांनी दाखवले की पेशी वाचल्या तरी बारीक रक्तवाहिन्यांत साचलेला बर्फ त्या वाहिन्याच फाडून टाकतो. रक्त पोचेना तर जिवंत पेशींचा उपयोग काय? १९७७ साली माँट्रिअलच्या फ्रँक गटमन यांच्या गटाने कुत्र्याचे मूत्रपिंड उणे ८० अंशांवर नेऊन सूक्ष्मलहरींनी तापवून परत बसवल्याचे लिहिले. खळबळ उडाली, पण इतर प्रयोगशाळांत तो निकाल मिळाला नाही, आणि विज्ञानात दुसऱ्याच्या हातून न झालेली गोष्ट झालेली धरत नाहीत.

गर्भांचे मात्र भराभर जमत होते. गर्भ सुरुवातीला काही पेशींचाच असतो, त्याला रक्तवाहिन्या नसतात. १९७२ साली व्हिटिंगहॅम, लायबो आणि मेझर यांनी गोठवलेल्या गर्भांपासून उंदरांची जिवंत पिल्ले मिळवली. आपल्याकडची सर्वांत दुःखद गोष्ट इथलीच आहे. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी मानवी गर्भ डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये ५३ दिवस गोठवून ठेवला, मग तो मातेच्या गर्भाशयात सोडला, आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी ‘दुर्गा’ जन्मली. हे रसायन पेशी वाचवते हे लव्हलॉक आणि बिशप यांनी १९५९ साली दाखवले होते. मुखोपाध्यायांवर सरकारी समितीने अविश्वास दाखवला, त्यांची बदली डोळ्यांच्या विभागात झाली, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. गोठवलेल्या गर्भातून बाळ झाल्याची जगाने मान्य केलेली पहिली नोंद १९८४ची, मेलबर्नची आहे. ‘भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ’ म्हणून नोंदलेले बाळ १९८६ साली मुंबईत केईएममध्ये जन्मले. त्या कामामागचे शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखोपाध्यायांची टिपणे तपासून पहिलेपणाचा मान त्यांना देऊन टाकला. आपल्या नावावरचा मान असा काढून देणारे विरळाच.

अवयवांसाठी दुसरी वाट हवी होती. ती खरे तर जुनीच होती. बेसिल लुयेत नावाचे स्विस वंशाचे कॅथलिक पाद्री अमेरिकेत सेंट लुइसला जीवशास्त्र शिकवत. १९४० सालच्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी मांडले होते की बर्फ घातक असेल तर तो होऊच देऊ नये. पाणी पुरेशा वेगाने थंड केले तर त्याचे स्फटिक न होता ते काचेसारखे घट्ट होते. रेणू जिथल्या तिथे थबकतात, रचना बदलत नाही. पण नुसत्या पाण्यासाठी लागणारा वेग इतका प्रचंड की एखाद्या पातळ पापुद्र्यापलीकडे ते शक्य नव्हते. १९८०च्या दशकात अमेरिकन रेड क्रॉसच्या प्रयोगशाळेत ग्रेगरी फाही यांनी गणित फिरवले. वेग वाढवता येत नसेल तर द्रावण दाट करा. रक्षक रसायनांचे प्रमाण इतके वाढवायचे की सावकाश थंड केले तरी बर्फ धरणार नाही. १९८५ साली विल्यम रॉल आणि फाही यांनी उंदराचे गर्भ या रीतीने उणे १९६ अंशांवर नेऊन जिवंत परत आणले. आज वंध्यत्व उपचार केंद्रांत अंडी आणि गर्भ साठवतात ते बहुतेक याच रीतीने.

अवयवाला मात्र दाट द्रावण हे विषच. ते थोडे थोडे वाढवत, तापमान उतरवत, रक्तवाहिन्यांतून फिरवावे लागते. फाही पुढे कॅलिफोर्नियातल्या ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंचुरी मेडिसिन’ या कंपनीत गेले. तिथे वर्षानुवर्षे रसायनांची मिश्रणे जुळवून त्यांच्या गटाने एम-२२ नावाचे द्रावण केले. ते उणे २२ अंशांवर अवयवात सोडायचे म्हणून हे नाव. त्याने भरलेले सशाचे मूत्रपिंड उणे १२० अंशांच्याही खाली नेऊन परत आणले, सशाला बसवले आणि त्याचे दुसरे मूत्रपिंड काढून टाकले. ससा त्या एकाच मूत्रपिंडावर ४८ दिवस जगला. मग तपासणीसाठी त्याला मारण्यात आले. २००९ साली हा वृत्तान्त छापला गेला. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात द्रावण नीट पोचले नव्हते, तिथे बर्फाने नुकसान केले होते, रक्ताच्या चाचण्याही चांगल्या नव्हत्या. तरीही काचरूप झालेल्या अवयवाने प्राणी जगवला, हे पहिल्यांदा घडले.

एकच ससा, हे विसरता येत नाही. या क्षेत्राभोवती मृतदेह गोठवून भविष्यात जिवंत करण्याची स्वप्ने विकणारेही घोटाळत असत. त्यांच्यापासून अंतर राखण्यासाठी शीतजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९८२ साली मृत माणसे गोठवणाऱ्यांना सभासदत्व नाकारण्याचा नियमच केला. अशा एखाद्या निकालाच्या बळावर लोक कुठवर उड्या मारतील हे या शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते.

आता परतीच्या वाटेकडे. थंड होताना द्रव ज्या पट्ट्यातून खाली उतरतो तिथे, अगदी खालच्या तापमानात, बर्फाची सूक्ष्म बीजे पडतात. पण तिथे रेणू इतके मंद असतात की ती वाढत नाहीत. परत येताना मात्र तीच बीजे वरच्या, ऊबदार पट्ट्यात येतात आणि भराभर फोफावतात. म्हणून त्याच द्रावणाला थंड करायला जो वेग पुरतो त्याच्या कितीतरी पट वेग तापवायला लागतो. बाहेरून वेगाने तापवले तर डीप फ्रीजमधल्या मटणाच्या गोळ्यासारखी गत होते, वरचा थर मऊ आणि आत खडा. मूत्रपिंडात या फरकाचा अर्थ असा की बाहेरची बाजू फुगते, आतली फुगत नाही, आणि काच झालेला अवयव तडकतो. सूक्ष्मलहरीही कामाच्या नाहीत. त्या मोठ्या अवयवात सारख्या पोचत नाहीत, जिथे आधी वितळले तिथेच अधिक तापवतात. लव्हलॉक यांचे यंत्र हॅमस्टरला पुरले, मूत्रपिंडाला पुरले नसते.

उत्तर मिनेसोटा विद्यापीठात सापडले. तिथले अभियंते जॉन बिशॉफ यांनी २०१७ साली सहकाऱ्यांसह दाखवले की लोहऑक्साइडचे, सिलिकाने मढवलेले नॅनोकण द्रावणात मिसळले आणि सगळे वेटोळ्याच्या आत ठेवून त्यातून वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र सोडले, तर प्रत्येक कण स्वतःच तापतो. उष्णता बाहेरून आत जात नाही, सगळीकडे एकदम उत्पन्न होते. आधी डुकराच्या रक्तवाहिन्या आणि हृदयाच्या झडपा अशा तापवल्या. मग शल्यचिकित्सक एरिक फिंगर यांच्या साथीने मूत्रपिंडाकडे मोर्चा वळला. उंदराच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांतून रक्षक रसायने आणि नॅनोकण भरले, उणे १५० अंशांवर ते १०० दिवसांपर्यंत ठेवले, मग वेटोळ्यात घालून मिनिटाला पन्नासहून अधिक अंशांच्या वेगाने तापवले, कण आणि रसायने धुऊन काढली आणि दोन्ही मूत्रपिंडे काढलेल्या उंदरांना बसवले. तासाभराच्या आत लघवी होऊ लागली. पहिले दोन-तीन आठवडे काम बेताचे चालले, नंतर सुधारत गेले, आणि पाचही उंदीर ३० दिवसांपर्यंत त्याच मूत्रपिंडावर जगले. जून २०२३ मध्ये हे ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आले. जेम्स लव्हलॉक त्याच्या वर्षभर आधी, जुलै २०२२ मध्ये, वयाच्या १०३व्या वर्षी वारले होते.

यातली मेख आकारात आहे. उंदराचे मूत्रपिंड ग्रॅमभराचे, माणसाचे दीडशे ग्रॅमचे, यकृत दीड किलोचे. जितका अवयव मोठा तितकी थंडी आत पोचायला उशीर, तितके द्रावण दाट हवे, तितके विष जास्त. मिनेसोटाच्या गटाने मानवी अवयवाच्या मापाचे, लिटरमध्ये मोजावे एवढे द्रावण बर्फ न होऊ देता गोठवून पुन्हा तापवता येते एवढे दाखवले आहे. द्रावणाने लघवी करायची नसते, अवयवाने करायची असते.

शिवाय स्पर्धा आहे. बोस्टनच्या कोर्कूत उयगून यांच्या गटाने २०१९ साली माणसाचे यकृत उणे चार अंशांवर, न गोठू देता, ठेवून साठवणीची मुदत २७ तासांवर नेली. झुरिकच्या शल्यचिकित्सकांनी उलट दिशा धरली: यंत्रावर शरीराच्या उष्णतेत रक्त खेळवत ठेवलेले यकृत तीन दिवसांनी एका रुग्णाला बसवले. काही दिवसांची सवड हवी असेल तर माझ्या मते हे मार्ग आधी जिंकतील. वर्षानुवर्षांची पेढी, जुळणाऱ्या ऊतींचा निवांत शोध, दूरच्या देशातला दाता, यांसाठी मात्र काचेखेरीज गत्यंतर नाही. आणि एवढे झाले तरी ज्या देशात मरणोत्तर दानालाच घरचे तयार होत नाहीत तिथे पेढी रिकामीच राहणार, हे आपण आपल्याकडे पाहून सांगू शकतो.

उणे शंभरच्या खाली नेऊन परत आणलेले मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय हा लेख लिहीपर्यंत कोणत्याही माणसाला बसवलेले नाही. ‘अवयव गोठवण्यात यश’ असा मथळा दर काही महिन्यांनी वाचायला मिळेल. तेव्हा बातमीत दोन गोष्टी शोधा: तो अवयव परत कसा तापवला, आणि ज्याला बसवला तो निव्वळ त्याच अवयवावर किती दिवस जगला. ही दोन उत्तरे नसतील, तर त्या बातमीत नुसते गोठवणे आहे.